काचेची चमक मारणारा

निजामाचं राज्य गेलं त्या साली माझी बायको गेली. तिच्या फोटोची काच इतकी चमकायची, की तिच्या शेजारी माझंच थोबाड दिसायचं. काचीगुड्याला भिंगांच्या कारखान्यात एक म्हातारा होता. नाव कधी विचारलं नाही. काचेच्या हंडीखाली एका क्षाराची वाफ करून तो भिंगांवर पातळ थर चढवायचा, म्हणजे चमक मरायची. प्रत्येक काच उजेडाला धरून आधी फुंकर घालायचा. माझी काच धरून म्हणाला, "भाई, सोच लेव. चमक गई तो तुम भी गए."

"मला ती दिसू दे. माझं काय करायचंय?"

काम चोख केलं त्यानं. आता ती लख्ख दिसते. पण एकटीच बसलीय, शेजारी मी नाही.