वामनरावांच्या नावाच्या सुया

वामनराव पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकून होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कारकुनी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. नंदनवन वस्तीतल्या घरी विजेचं बिल आलं तरी ते आधी मागची बाजू वाचत, बारीक अक्षरातल्या अटींपासून. नियम पाळला की माणूस वाचतो अशी त्यांची पक्की समजूत. वडील बावन्नाव्या वर्षी आणि थोरला भाऊ एकोणपन्नासाव्या वर्षी छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. अशा घरातल्या माणसानं कशावर तरी भरवसा ठेवायला नको का?

रक्तातलं कोलेस्टेरॉल हा या घरचा वारसा. खुद्द वामनरावांना छप्पन्नाव्या वर्षी झटका आला, स्टेंट बसवला, वाचले. पण खरी धास्ती होती ती मुलाची. सुशील एकुलता एक, वय तेहतीस, बुटीबोरीच्या एका सूत कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या टाचेमागं कोलेस्टेरॉलच्या पिवळट गाठी दिसू लागल्या आणि वामनरावांचं अन्नावरून मन उडालं, कारण भावाच्या टाचांना त्यांनी अशाच गाठी पाहिल्या होत्या. दिवाळीत डॉक्टरांनी सुशीलला जास्त जोराची नवी गोळी सुरू केली, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना.

अशात शहरातल्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली. औषध म्हणजे पेप्टाइड, प्रयोगशाळेत एकेक दुवा जोडून तयार केलेली प्रथिनाची छोटीशी साखळी. चाचणीचं काम पाहणाऱ्या मिनलनं त्यांना सोपं करून सांगितलं. गल्लीत कचरागाडी येते तसं हे औषध पेशींच्या दाराशी जातं, आत साचलेलं जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर काढतं आणि ते यकृताकडे रवाना होतं. वामनरावांना हे फार पटलं. मात्र घेणार होते फक्त एकदा झटका येऊन गेलेल्यांना. म्हणजे वामनराव चालतील, सुशील नाही. पोराला आधी मरणाच्या दारात जाऊ द्या, मग औषधाचं बघू, असा हा न्याय. जन्मात पहिल्यांदा वामनरावांना एखाद्या नियमाचा संताप आला.

त्यांनी अकरा पानी संमतिपत्र लाल पेन घेऊन वाचलं, पानापानावर सही केली आणि इंजेक्शनच्या बाटल्या घरी आणल्या, रिकाम्या मोजून परत करायच्या अटीवर. मग रोज संध्याकाळी सात वाजता सुशील शर्ट वर करी आणि वामनराव त्याच्या पोटात सुई टोचत. नोंदवहीत तारीख, वेळ, पोटाची डावी बाजू की उजवी, सगळं बिनचूक. खोटं होतं ते फक्त नाव.

त्यांच्या पत्नी कामिनीबाईंनी एकदा भीतभीत विचारलं, की अर्ध्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी देतात असं त्या कागदात आहे ना? होतं, चौथ्या पानावर. वामनरावांनीच लाल रेघ मारली होती. पण पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कोणी मोजून परत घेतं का, असं विचारून त्यांनी बाईंना गप्प केलं. आणि सातव्या पानावर होतं की या काळात कोणतंही नवं औषध घेऊ नये. वामनरावांची स्वतःची गोळी आठ वर्षं जुनी, म्हणजे नियमात बसणारी. सुशीलची दिवाळीतली, म्हणजे नवी. त्यांनी ती बंद करायला लावली. कारकुनाच्या डोक्याला यात कुठं चूक दिसणार?

तीन महिन्यांनी तपासणी झाली. वामनरावांच्या रक्तात काडीचा फरक नव्हता. मिनलनं सहज विचारलं, "काका, तुमची नेहमीची गोळी सुरू आहे ना? ही सुई गोळीच्या जोडीनं आहे हं, गोळीच्या बदली नाही."

खरं सांगितलं तर चाचणीतून नाव कटेल, नाचक्की होईल, हे सगळं वामनरावांना कळत होतं. पण सुशीलची गोळी तीन महिने बंद होती, आणि ती त्यांनीच बंद करवली होती.

"मॅडम, मी एकबी सुई घेतली नाही," ते म्हणाले. "पोराले देऊन राहिलो. त्याची गोळी बंद केली मी."

मिनल आधी चिडली, मग घाबरली. तिनं डॉक्टरांना बोलावलं. चाचणीबाहेरच्या माणसाला औषध गेलं, म्हणून त्यांनी वरून परवानगी काढून वामनरावांच्या क्रमांकाला औषध होतं की पाणी याची गुप्त नोंद उघडली. तासाभरानं ते बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, की त्या बाटल्यांमध्ये पाणी होतं. मुलाला आजच घेऊन या.

वामनराव घरी पोचले तेव्हा सुशील नुकताच कामावरून आला होता. घड्याळ पाहून तो सवयीनं शर्ट वर करू लागला. वामनरावांनी त्याचा हात धरला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाणी, गोळी, सातवं पान. तो रागवेल, ओरडेल, निदान काहीतरी फेकेल असं त्यांना वाटलं होतं. आणि त्यांना ते हवंही होतं.

सुशील खाटेवर बसला.

"बाबा, दोन हप्ते झाले, जिना चढतानी छाती भरून येते," तो म्हणाला. "मले वाटलं औषध काम करून राहिलं. म्हणून तुमाले सांगितलं नाही."

वामनराव चप्पल न घालताच रिक्षा आणायला धावले.