महालातला शेवटचा विणकर

आता तुमच्यापासून काय लपवायचं, चहा तर तुम्हीच पाजताय. माझे फोटो देशोदेशीच्या मासिकांत छापून येतात. इथे नागपुरात, आमच्या मनीषनगरात, मला ‘विदेशवाले भाऊ’ म्हणतात. पण आमच्या धंद्यातली खरी गोष्ट ऐका: सुरकुती जितकी खोल, तितका फोटोग्राफर मोठा. खात्यापित्या माणसाकडे आम्ही ढुंकूनही पाहत नाही.

एका परदेशी मासिकाला नागपूरचा ‘शेवटचा विणकर’ हवा होता. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, तेव्हा एका घराच्या मागच्या खोलीत धुळकट हातमाग सापडला. मालक गुलाबराव, पासष्टीचे, अंगानं काटकुळे. मला आणखी काय पाहिजे?

“काका, चष्मा काढा. घड्याळही काढा. शर्टही.”

“शर्ट काहून गा? नवा आहे.”

“म्हणूनच. बनियन चालेल. आणि हसू नका.”

“मयतीचा फोटो काढून राहिला का तू?”

त्यांना मागावर बसवलं. दिवसातून किती वेळा जेवता, असं गळा दाटून आल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, “एकदाच.” पुढेही काही बोलत होते, पण उजेड चालला होता. ऐकत कोण बसतो?

फोटो पानभर छापून आला. खाली माझेच शब्द: ‘एक वेळच्या जेवणावर जगणारा शेवटचा विणकर’. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मग गुलाबरावांच्या बायकोचा फोन आला.

“भाऊ, आमच्या पोरीची सोयरीक मोडून राहिली. पोराच्या काकानं अमेरिकेत तुमचं मासिक पाहिलं. ते लोक म्हणतेत, उपाशी घरची पोरगी आमाले नको. वरून म्हणतेत, तुमचं तीन मजली घरही भाड्याचंच असन.”

“पण गुलाबराव एकदाच जेवतात ना?”

“शुगर आहे त्याईले. रात्री दलिया खातेत.”

“आणि माग?”

“सासऱ्याचा होता. याईले सुईत दोरा ओवता येत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनियर होते, पेन्शन आहे.”

तीन मजली घर मी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू. फ्रेमबाहेर ठेवलं होतं. लाज वाटायला हवी होती, ती त्या दिवशी वाटली.

पोरीचं लग्न माझ्यामुळे मोडणार होतं. म्हणून मुलाकडची मंडळी बोलावली आणि मी मध्ये बसलो. हे सगळं मीच रचलं, असं तीन वेळा कबूल केलं. मुलाच्या आईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“एवढा शिकलेला माणूस,” त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “अन् याले घर पाहून घर समजत नाही.”

पण सोयरीक जुळली. महिन्याभरानं गुलाबराव पत्रिका घेऊन स्वतः मनीषनगरला आले. मी गहिवरलो. म्हटलं, लग्नाचे फोटो मी काढतो, एक पैसा घेणार नाही.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“येजो, पोटभर जेवजो. कॅमेरा मात्र घरी ठेवून येजो.”