मासा जिकडं जाईल तिकडं

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हे सगळं लिहून झाल्यावर बसेल असंही वाटत नाही. लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात माझी उभी हयात नोकरीत गेली. रात्रपाळीला प्लॅटफॉर्मच्या टोकाला पांढरं काही हललं, की ते हमखास कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर निघायचं. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि मनातल्या मनात हसलो. आज माझी पाळी आहे... हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचून मग हसा.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. मी तेव्हा तिशीच्या आत होतो आणि मला एकच नाद होता – गळ टाकून मासे धरायचा. गंमत अशी की आमच्या घरी मासा चालत नसे. नुसतं नाव काढलं तरी आई देवघरातून खाकरायची. बायकोनं एकदाच विचारलं, "खायचं नाही, विकायचं नाही, मग तासन् तास तिथं करता काय?" याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आता म्हातारपणीही येत नाही. काठावर बसावं, दोराला बांधलेल्या भेंडाच्या तरंगत्या तुकड्यावर, म्हणजे तरंगावर नजर ठेवावी, आणि घर, साहेब, युद्ध सगळं पाठीमागे राहावं – एवढंच ते सुख होतं.

हा नाद मला लावला मुलाणीभाऊंनी. इस्माईल मुलाणी हे त्यांचं पूर्ण नाव, पण सगळे भाऊच म्हणत. रेल्वेत गँगमन होते. घाटातले रूळ सांभाळून रिटायर झाले होते आणि लोणावळ्यापासून तासाभराच्या चालीवर धरणाचा जो तलाव आहे, त्याच्या काठी राहत. मला ते पार्सलबाबू म्हणायचे, पुढं नुसतं बाबू. वेळू कसा निवडायचा, दोराला मेण कसं चोळायचं, गांडूळ गळावर कसं चढवायचं म्हणजे ते जिवंत राहतं... सगळं त्यांनी शिकवलं. मी धरलेले मासे त्यांच्या घरी जात आणि त्यांची बायको, आमची रहिमतमावशी, मला गूळ घातलेला कोरा चहा पाजी. आईला वाटे मी हवा खायला जातो.

भाऊंचा मुख्य धडा एकच होता. आमच्या वेळवाला दोर बांधलेला असायचा, वीस-बावीस हातांचा. साहेब लोकांच्या काठीसारखं त्याला दोर सोडायचं चाक नव्हतं. मोठा मासा लागला आणि तुम्ही ओढाओढ केली, तर दोर तुटणार. म्हणून भाऊ सांगत, "वढू नको, बाबू. मासा जिकडं जाईल तिकडं तू बी जा. काठाकाठानं चालायचं. त्यो दमला की आपसूक येतो." मी एकदा एका महाशीरबरोबर पाऊण तास असा चाललो होतो. लोकांना वाटलं, पार्सलबाबूचं डोकं फिरलं.

होडीत मात्र भाऊ कधी बसले नाहीत, आणि मलाही बसू देत नसत. "होडीतला मानूस माशाच्या घरात शिरतो. आपुन दारात बसायचं. दारात जे मिळंल त्येच आपलं," असं म्हणायचे. पुष्कळ दिवस मला वाटलं, ही नुसती म्हातारपणाची तऱ्हा. खरं कारण त्यांनी फार उशिरा सांगितलं. तलाव झाला तेव्हा त्यांची सात घरांची वाडी पाण्याखाली गेली. घराचे वासे काढून आणता आले, कौलंही आणली. चिंचेखाली त्यांच्या आईची कबर होती. "ती काय खांद्यावर घिऊन यायची व्हती?" एवढंच ते म्हणाले. तिच्यावरून होडी जायला नको, म्हणून ते आयुष्यभर काठावर बसले. वाडी कुठं होती ते त्यांनी मला बोट करून दाखवलं, समोरच्या टेकडीचं टोक आणि ते बसत तो दगड यांच्या मधोमध.

मला हे माहीत होतं. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते मी नकळत केलं नाही.

एका वैशाखात मुंबईहून आमच्या पार्सलला एक लहानशी लाकडी होडी आली. खंडाळ्याच्या बंगल्यात उतरलेल्या एका वकिलांची होती. मी ती जपून उतरवून घेतली, बैलगाडी ठरवून दिली, म्हणून वकील खूश झाले आणि रविवारी तलावावर चला म्हणाले. मला मोह झाला. दहा वर्षं काठावरून ज्या पाण्याकडे नुसतं बघत होतो, त्याच्या मध्यावर गळ टाकायला मिळणार! मी गेलो. पाणी उन्हाळ्यानं उतरलेलं होतं. मध्यावर होडीतून खाली वाकलो, तर हिरवट पाण्यात एका जोत्याची ओळ दिसली. तिथंच मी गळ सोडला.

परत आलो तेव्हा भाऊ काठावर उभे होते. वकिलांसमोर ते काही बोलले नाहीत. वकील गेल्यावर म्हणाले, "माज्या आईच्या छातीवरनं गेलास, बाबू."

मी ओशाळलो होतो आणि ओशाळलेला माणूस उगाच चढतो. मी म्हणालो, "भाऊ, पाण्याखाली आता काय राहिलंय? चिखल!"

 ते आपली काठी उचलून निघून गेले.

त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही बोललो नाही. ते त्यांच्या दगडावर बसत, मी लांब अलीकडच्या काठावर. मध्ये एक ओढा, करवंदीची जाळी आणि काठाचं वळण, त्यामुळे एकमेकांना दिसतही नसू. माफी मागायची माझ्या फार मनात होती, पण दर रविवारी मी ती पुढच्या रविवारवर ढकलली. मासे कुणाला द्यायचे हा प्रश्नच होता, म्हणून धरायचे आणि परत सोडायचे असं चालू झालं. नादातला अर्धा आनंद त्या गुळाच्या चहात होता, हे मला तेव्हा कळलं.

आता तो दिवस. भाद्रपदातला रविवार. रात्रभर वरच्या डोंगरांत पाऊस झाला होता, तलाव काठोकाठ भरत चालला होता आणि अंगावर बारीक भुरभुर होती. रात्रपाळी संपवून मी सातच्या सुमाराला माझ्या जागी येऊन बसलो. दोन तास काहीच नाही. मग नऊ वाजून गेल्यावर तरंग एकदम बुडाला.

दोराला ओढ लागली. माशाची ओढ मला कळते... मासा झटके देतो, थांबतो, खोल जातो, पुन्हा उसळतो. ही ओढ तशी नव्हती. एकसारखी, शांत, डावीकडे. एवढी जड, की वेळू वाकून टोक पाण्याला लागलं. मी भाऊंच्या धड्याप्रमाणे उठलो आणि चालू लागलो.

मी बसायचो तिथला उंबर मागे पडला. ओढा गुडघ्याइतका वाहत होता, तो ओलांडला. ओढ तशीच. तलावात आलेलं पाणी धरणाच्या भिंतीकडे, म्हणजे उजव्या बाजूला सरकतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे हे जे काही होतं, ते पाण्याच्या उलट चाललं होतं. महाशीर असेल तर जन्मात एकदा लागावा असा असणार, असं मनात आलं.

करवंदीच्या जाळीपाशी मी थांबलो. जाळीच्या पलीकडे भाऊंचा काठ होता, आणि आपण होऊन तिकडे पाऊल टाकायचं नाही अशी मी स्वतःशीच शपथ घेतली होती. मी थांबलो तशी ओढही थांबली. दोर ताठच, पण कुठे जाईना. मी दोन पावलं मागे सरलो, तर ओढ पुन्हा सुरू झाली, पुढच्या दिशेनं. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा थांबली. असं तीनदा झालं. कनवटीला चाकू होता. दोर कापावा आणि घरी जावं, असं एकदा वाटलंही.

खरं सांगतो, मी भाऊंसाठी पुढे गेलो नाही. माशासाठी गेलो. एवढा मासा सोडवेना, म्हणून काटे अंगावर घेत जाळीतून पार झालो.

पलीकडे भाऊ पाण्यात होते.

पाठ काठाला टेकलेली, पाणी छातीच्या वर आलेलं. ओठ निळे पडले होते. पहाटे दगडावरून घसरले, खालचा एक धोंडा कलंडला आणि घोटा दोन धोंड्यांत अडकला. तेव्हा पाणी मांडीला होतं. ते चढत होतं आणि भाऊ हाका मारत होते. पावसात, वाऱ्यात, त्या वळणापलीकडून मला एकही हाक ऐकू आली नव्हती. रहिमतमावशी लेकीकडे सुदुंबऱ्याला गेली होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणी शोधायलाही येणार नव्हतं.

मी हातातला वेळू टाकला आणि पाण्यात उतरलो. धोंडा हातानं हलेना. भाऊंचा आवाज बसला होता, तरी गँगमन तो गँगमनच. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती फांदी घे. हिकडनं घाल... न्हाई, खालनं. रुळाखाली पहार घालत्यात तशी. आता भार दे." मी जन्मात पहार धरली नव्हती. दोनदा फांदी निसटली. तिसऱ्यांदा धोंडा बोटभर उचलला गेला आणि भाऊंनी दातओठ खाऊन पाय काढून घेतला.

काठावर ओढून आणल्यावर मी माझा कोट त्यांना घातला आणि हातपाय चोळत बसलो. मला बोलायचं होतं, पण रडूच यायला लागलं. भाऊ डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि सव्वा वर्षानंतर मला पहिला प्रश्न विचारला.

"काय घावलं का?"

गळ टाकणारा माणूस दुसऱ्याला हेच विचारतो. तेव्हा मला वेळवाची आठवण झाली. मी टाकला होता तिथंच तो पडलेला होता, अर्धा काठावर, अर्धा पाण्यात. त्याला वाकवणारं जे काही होतं, त्यानं तो एव्हाना कुठच्या कुठे ओढून न्यायला हवा होता. मी दोर ओढला. सैल होता, हलकाच आला. गळाला मासा नव्हता. शेवाळ, काटकी, चिंधी, काही नव्हतं.

गांडूळ मात्र होतं. सकाळी मी चढवलं तसंच, शाबूत. एवढंसंही कुरतडलेलं नाही. हातावर घेतलं तर वळवळत होतं.

मी भाऊंना सगळं सांगितलं – तरंग बुडाला तिथपासून जाळीपर्यंत. त्यांनी गांडुळाकडे बघितलं, मग माझ्या काट्यांनी फाटलेल्या हातांकडे. "कुटनं वढ लागली व्हती?" असं विचारलं. मी दोराची दिशा आठवून बोट केलं. बोट केल्यावर माझं मलाच दिसलं, की ते कुठे जातंय. समोरच्या टेकडीचं टोक आणि भाऊंचा दगड यांच्या मधोमध.



"भाऊ," मी म्हणालो, "मी त्या दिवशी चिखल म्हणालो होतो. चुकलो."

"व्हय, चुकलास," ते म्हणाले. मग तलावाकडे बघत म्हणाले, "मी बी पयलं तुलाच हाका मारल्या, बाबू. तू काय आला न्हाईस. आवाज बसला, पानी छातीला लागलं, मग आईला हाक मारली."



मी त्यांना पाठीवर घेऊन गाडीवाटेपर्यंत आणलं. तिथून बैलगाडीनं दवाखान्यात. घोटा मोडला होता. हाड जुळलं, पण पाय अधू झाला. त्यानंतर भाऊ बारा वर्षं जगले. दर रविवारी मी त्यांना हाताला धरून दगडापर्यंत न्यायचो आणि शेजारी बसायचो. त्या सकाळचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मावशीनं मात्र तो दिवस लक्षात ठेवला. तिच्या चहात त्या दिवसानंतर गूळ जास्त पडू लागला.

मी खूप डोकं चालवून पाहिलं. वाहत आलेलं झाड असेल, म्हणालो. झाड पाण्याच्या उलट जात नाही. गळ कासवाच्या पाठीत रुतला असेल, म्हणालो. मग गांडूळ कसं राहिलं? रात्रपाळीनं डोकं सुन्न झालं होतं आणि ओढ लागलीच नव्हती, असंही एकदा म्हणून पाहिलं. पण मग माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरानं कापलेली खूण आहे ती कशाची? अजून आहे, हे लिहिताना दिसते आहे. तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवा, मला तो हवा आहे.

मी अजूनही त्या तलावावर जातो. होडीत बसलो नाही. दोराला ओढ लागली की हात आपसूक ओढायला निघतो, तेव्हा मी त्याला आवरतो आणि आधी उठून उभा राहतो. मासा असेल तर दमून येईलच. नसेल, तर कुणीतरी कुठेतरी हाक मारत असेल.