बांगडीतल्या दोन पिना

ईशा, अर्णव — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. पण परवा व्हिडिओ कॉलवर ईशा म्हणाली, "आजी, तुझ्यासारखी शिस्त मला हवी गं!" आणि माझं डोकंच फिरलं. कसली शिस्त?

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत एका पेटीत काचेची कुपी होती, कुपीत पाऱ्याची वाफ. त्यातली अणुकेंद्रकं भोवऱ्यासारखी डुलायची. त्यांचं डुलणं केसभर बदललं तरी यंत्रावर आकडा हलायचा. निसर्गाचा कुणालाच न सापडलेला एखादा नियम त्यातून हाती लागेल, या आशेवर आम्ही वर्षानुवर्षं आकडे टिपत होतो. पण जवळ लोखंड आलं तरीही ती बिचकायची — म्हणून दारावर पाटी, माझ्याच अक्षरात: किल्ल्या, घड्याळं, केसांचे आकडे बाहेर ठेवा. मी एकेकाचे खिसे तपासायचे. काय तो तोरा!

सुनंदा लालबागच्या चाळीतून यायची, पीएचडी करत होती. तिची मोजणी मधूनच बिघडायची. मग मी तिच्यामागे उभी राहायचे, पेटीवर हात ठेवून — की आणखी बिघडायची.

"मॅडम, मी कशाला हातसुद्धा लावला नाही हो."

"मग काय भुताने लावला?" — सगळ्यांदेखत म्हणाले मी. लोक हसले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, निष्काळजी आहे. तिला प्रयोगातून काढलं. पीएचडी तिथेच राहिली.

महिन्याभराने मी एकटीच होते. पेटीवर हात टेकला — आकडा उडाला. काढला — थांबला. पुन्हा टेकला. मग मनगटाकडे पाहिलं. अडीअडचणीला असाव्यात म्हणून बांगडीत अडकवलेल्या दोन सेफ्टीपिना! आईच्या हातात असायच्या, माझ्याही असायच्या. त्या लोखंडाच्या असतात हे कधी डोक्यात आलं होतं का?

चूक कुणाचीही होते. पण मी काय केलं? पिना पर्समध्ये टाकल्या आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं — दोष दूर झाला. कुणाचा, ते लिहिलं नाही. सरांची खोली दहा पावलांवर होती.

काही वर्षांनी सुनंदा ठाकूरद्वारच्या आपल्या घरी पेढे घेऊन आली. माटुंग्याच्या शाळेत नोकरी लागली होती. वाकून नमस्कार केला. म्हणाली, "माझंच चुकायचं, मॅडम. तुम्ही ओरडलात म्हणून सुधारले."

मी पेढा खाल्ला. वर उपदेशही केला — आता तरी नीट लक्ष देऊन काम कर, म्हणून.