नर्सबाईंच्या गाडीचं ॲव्हरेज

समोरच्याने नर्सबाईंच्या गाडीचं ॲव्हरेज नवावरून बारावर नेलं, ही बातमी मला खुद्द नर्सबाईंनीच दिली, आणि तीही हसत हसत. मी एका ट्रकखाली आडवा होतो. "छान झालं," म्हणालो आणि पुढचा नट असा काही आवळला की त्याचे आटेच गेले.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा गॅरेजवाला. दोन वर्षांपूर्वी आला. चष्मा लावतो, हात धुऊन मग बोलतो. त्याच्याकडे गिऱ्हाइकाला पाठीची खुर्ची आहे. माझ्याकडे उलटी बादली. त्या बादलीवर नर्सबाई दहा वर्षं बसल्या, चहा प्यायल्या, आणि एके दिवशी उठून खुर्चीवर जाऊन बसल्या. मी सुट्टीवर होतो म्हणून गेल्या, एवढंच. पण मला विचाराल तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

नर्सबाईंची गाडी जुनी, चारही चाकांनी ओढणारी. डोंगरातल्या बारा वस्त्यांवर लहान मुलांना लस टोचायची, गरोदर बायकांना तपासायचं, हे त्यांचं काम. ऑफिसकडून महिन्याला साठ लिटर डिझेल मिळतं, वर थेंबही नाही. साठ लिटरात अकरा वस्त्या व्हायच्या. बारावी सगळ्यात उंच. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जातो, जाऊन येऊन छप्पन्न किलोमीटर. तेवढं पुरायचं नाही. मग बाई अकराव्या वस्तीवर गाडी लावायच्या, लशीची पेटी खांद्याला अडकवून पायवाटेने दोन तास चढायच्या आणि दोन तास उतरायच्या. महिन्यातून एकदा, दहा वर्षं. गुडघे बोलायला लागले तशी हातात काठी आली. तक्रार मात्र नाही. एकदा आमच्या गॅरेजात एका धिप्पाड ड्रायव्हरला त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तो डोळे मिटून ओरडला, तर म्हणाल्या, "अहो, अजून कापूसच लावतेय."

ॲव्हरेजचं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. "बाई, म्हातारी गाडी. चार चाकं ओढणार म्हणजे चौघांचं खाणारच." त्या मान डोलवायच्या. माझा शब्द त्यांना पुरायचा.

मी सुट्टीवरून परतलो तरी गाडी समोरच होती; त्याने काय केलं, ते मी ट्रकखालून पाहत होतो. चाकांत हवा नीट भरली. मागचा ब्रेक चिकटून राहायचा तो सोडवला. इंजिन तापायला फार वेळ घेत होतं, त्याचा बिघाड काढला. आणि टपावरचं कॅरिअर उतरवलं. ते मी बनवलं होतं! दहा वर्षांपूर्वी एका साथीच्या वेळी बाईंना औषधांचे खोके न्यायचे होते, म्हणून तीन दिवस खपून जाड लोखंडी पाइप वेल्डिंग केले, निळा रंग दिला. बाई म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, हे माझ्यानंतरही टिकेल." आता ते समोरच्याच्या भिंतीला टेकून उभं होतं आणि त्यावर त्याचे पंचे वाळत होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुम्हाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं." पुढचं वाक्य तिने गिळलं, पण मला ऐकू आलं.

महिनाभराने एका सकाळी बाई रस्त्यात गाडी वळवत होत्या. गाडी मध्येच अडखळली, चाक कुरकुरलं. मी पाहिलं. पुढचे दोन टायर कोरे करकरीत, मागचे दोन जुने, झिजलेले. असल्या गाडीत हे चालत नाही. चारही चाकं मधल्या गिअरच्या डब्याने एकमेकांना बांधलेली असतात. दोन चाकांचा घेर मोठा, दोनांचा लहान झाला की पुढची-मागची आपसात भांडत राहतात. ॲव्हरेज पडतं, डबा तापतो, आणि एखाद्या चढावर तो जाम होऊन बसतो तो बसतोच.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. समोरचा चुकला! माझ्या हातून अशी चूक सात जन्मांत झाली नसती. वाटलं, बसू दे डबा. मग येतील बादलीवर. मी मूग गिळून आठ दिवस गप्प बसलो. रोज त्यांची गाडी गेली की कान लावायचो. गाडी बिघडायची वाट पाहणारा मिस्त्री जगात मी एकटाच असेन.

नवव्या दिवशी दुपारी बाई आल्या आणि सरळ बादलीवर बसल्या.

"मिस्त्री, उद्या बाराव्या वस्तीवर गाडीने जातेय. पहिल्यांदा! महिनाअखेर रिटायर होते. एकदा तरी चाकांवर जाऊ दे म्हटलं."

"ॲव्हरेज देतेय का बारा?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"देत होती. या आठवड्यात अकराच्याही खाली आली. गाडीचा दोष नाही हो. मीच हल्ली जोरात दामटते. वय झालं, पाय जड पडतो."

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. माझ्या गप्प बसण्याचा दोष ही बाई आपल्या पायावर घेत होती.

"बाई, तुमचा पाय नाही. टायर आहेत. पुढचे नवे, मागचे जुने. मला आठ दिवस माहीत आहे."

"आठ दिवस?"

"समोरच्याची फजिती व्हावी म्हणून बोललो नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. एखादं पोर खोटं बोलताना सापडलं की त्याच्याकडे पाहतात, तसं माझ्याकडे पाहिलं. "आता बदला," एवढंच म्हणाल्या.

मी रस्ता ओलांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. समोरच्याला सांगितलं. मला वाटलं वाद घालेल, तर तो चष्मा पुसत म्हणाला, "डोंगरात पकड बरी मिळेल म्हणून टाकले हो. हे डोक्यातच आलं नाही. बरं झालं सांगितलंत." आम्ही दोरीने घेर मोजले. दोन बोटांचा फरक. काढलेले जुने टायर त्याच्याच भिंतीला होते, अजून बरे होते. तेच पुन्हा चढवले. चारही सारखे.

तिथेच ते निळं कॅरिअर होतं. न राहवून विचारलं, "हे का काढलंत?"

"रिकामं होतं ना. वजन केवढं, आणि वारा अडतो तो वेगळाच. बाई दोन दिवस हात लावू देईनात. मिस्त्रींनी केलंय म्हणाल्या." तो कानशील खाजवत राहिला. "ॲव्हरेज तीनाने वाढलं, त्यातला एक तर याचाच होता."

लिटरमागे एक किलोमीटर. साठ लिटरांना साठ किलोमीटर. बारावी वस्ती जाऊन येऊन छप्पन्न. साथ दोन महिन्यांत सरली होती. त्यानंतर त्या टपावर एक खोकाही चढला नव्हता, आणि मी दर सर्व्हिसिंगला ते निळं लोखंड कौतुकाने पुसत होतो.

"उद्या बरोबर चला," निघताना बाई म्हणाल्या. "वर अडलीच तर ढकलायला कोणीतरी हवं."

गाडी अडली नाही. वळसा घालून, धूळ उडवत, ती बाराव्या वस्तीवर पोचली. बाया-पोरं धावत आली. एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "अगं बाई, आज चालत नाही आलीस?"

"नाही आजी," नर्सबाई दार उघडत म्हणाल्या. "हे आमचे मिस्त्री. यांच्यामुळे आज गाडी वर आली."

म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खरबरीत, हलका हात. शेजारी पायवाटेचं तोंड दिसत होतं. बाईंच्या काठीच्या टोकाने पडलेली बारीक भोकं वाटेच्या मातीत होती.

"बाई," मी म्हणालो, "ते कॅरिअर मी बसवलं नसतं तर तुम्ही दहा वर्षांपूर्वीच—"

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "समोरच्याने सांगितलं. आधी पेटी उतरवा, लस गरम होते."

मी पेटी उतरवली. चांगलीच जड होती.