तारवाले चाचा

चाचांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या हनुवटीशी बोलावं लागे. समोर कुणीही उभं असो, त्यांची मान वरच. वीज खात्यात ते लाइनमन होते. दिवसभर खांबावरच्या तारा पाहायच्या आणि अंधार पडला की आभाळातले तारे, असा त्यांचा क्रम. अकोटला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची एकट्याची खोली होती. नाव रहीमखान, पण तारांमुळे म्हणा की ताऱ्यांमुळे, सारा मोहल्ला त्यांना ‘तारवाले चाचा’ म्हणे.

अकोटच्या आभाळावर त्यांचा राग होता. कापसाच्या जिनिंगच्या आवारात रात्रभर मोठे दिवे जळत, रस्त्यावरही बल्ब आलेले. “हे काय आभाळ आहे? धू धू धुतलेल्या लुगड्यावानी फिक्कं,” ते म्हणत. “पाहाचं तं खेड्यात चला. जिथं माहे खांब अजून गेले नाईत, तिथं.”

त्या वर्षी मी मॅट्रिकला नापास झाले होते. गणितात आणि विज्ञानात. बाबा रागावले नाहीत. “शिकली तेवढं पुरे,” एवढंच म्हणाले आणि स्थळं पाहू लागले. मीही मुकाट्यानं भाकरी थापत होते. मला अक्कल नाही, हे मी मनाशी कबूल करून टाकलं होतं.

दिवाळीला आई आणि मी आत्याकडे गेलो. आत्याचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. वीज नव्हती; पण चाचांची टोळी खांब रोवायला तिथं महिनाभर उतरली होती. जेवणं झाल्यावर ते आत्याच्या अंगणात आले आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. “कंदील आत ठेवा. डोळ्यायले अंधार पिऊ द्या जरासा.” थोड्या वेळानं वर पाहिलं आणि मी आईचा हात धरला. एवढे तारे मी कधीच पाहिले नव्हते. चाचांनी पूर्वेकडे बोट केलं. एका रेषेत तीन तारे वर येत होते. “ही तिफन. आपण जिनं पेरतो तिच्यासारखी.”

मग त्यांनी हत्यारांच्या पेटीचं झाकण माझ्यापुढे धरलं. आत्यानं कंदील आणला. झाकणावर खडूनं आकडे मांडलेले. अक्षर त्यांना येत नव्हतं, आकडे येत.

“पाय बेटा. तिफनीचा पहिला तारा देवळाच्या कळसाच्या वर आला, का मी घडी पायतो. पयल्या दिवशी साडेनऊ. दुसऱ्या दिवशी नऊ सव्वीस. मंग नऊ बावीस. रोज चार मिनटं आगाऊ. घडीवाल्याले दोन खेप दाखवली, तो म्हणते घडी ठीक आहे. आमचे साहेब तं हासतेत. तू शिकलेली आहेस. सांग, घडी चुकते का तारा चुकते?”

“मला काय विचारता चाचा? मी नापास आहे.”

“मंग? नापासाले इचारू नाई, असा कायदा आहे का?”

अकोटला परतल्यावरही तो प्रश्न जाईना. शेवटी पदर खोचून शाळेत गेले. ज्या सरांच्या विज्ञानात मी नापास झाले होते, त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, फळ्यावर सूर्य काढला, पृथ्वी काढली. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही सरकते, म्हणून तारा रोज थोडा आधी येतो. वर्षभरात त्याची एक फेरी जास्त होते. “आता एका दिवसाला किती, ते तूच काढ,” म्हणाले. एका दिवसाच्या मिनिटांना तीनशे पासष्टनं भागलं. चार आले, जेमतेम. भागाकार तोच, ज्यानं मला शाळेत रडवलं होतं. त्या दिवशी तो मी आनंदानं पुन्हा दोनदा करून पाहिला.

बाजाराच्या दिवशी चाचा अकोटला आले. मी त्यांच्या ओट्यावर कंदील ठेवला आणि त्याच्याभोवती एक संत्रं फिरवून सगळं सांगितलं. त्यांनी मला तीनदा फिरवायला लावलं. मग म्हणाले, “म्हंजे मी बराबर लिवत होतो.” त्यांचे डोळे भरून आले होते.

तसेच उठून ते आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, “बाबू, पोरीचा फारम भरा. आमच्या साहेबाले आलं नाई ते हिनं सांगतलं. लगन कुठी पळून जाते?” दुसऱ्या दिवशी बाबांनी मार्चच्या परीक्षेचा फॉर्म आणला.

संक्रांतीच्या सुमारास आत्याच्या गावात वीज सुरू व्हायची होती. आम्ही गेलो. सरपंचांना पहिला दिवा देवळात हवा होता. चाचांनी मात्र गावाच्या टोकाच्या एका झोपडीत आधी बल्ब लावला. तिथली सून दिवस भरलेली होती. सरपंच चिडले, चाचा हटले नाहीत. संध्याकाळी मी विचारलं, “तुम्हाला तारे एवढे आवडतात, मग गावोगाव उजेड काहून करता?”

“माही घरवाली बाळंतपणात गेली, बेटा. अवसेची रात होती. कंदिलातलं तेल सरलं. वर तारे लय होते, एकूण एक दिसत होते. पण त्यायच्या उजिडात सुईनीले काई दिसलं नाई. तवापासून तारे पायतो, अन् खांब रोवतो. दोन्ही कराच लागते.”

मी पास झाले, पुढे अमरावतीला शिकले, शाळेत विज्ञान शिकवू लागले. मधल्या काळात चाचांची मोर्शीकडे बदली झाली. पहिल्या पगारातून त्यांना काही घेऊन जायचं, असं ठरवत राहिले आणि ते राहूनच गेलं. एक दिवस बाबांचं पत्र आलं, की तिकडच्याच एका खेड्यात तापानं चाचा गेले.

रविवारी एसटीनं त्या गावी गेले. कबरस्तान वस्तीला लागूनच होतं. चाचांच्या कबरीशी बसले तेव्हा दिवेलागण झाली आणि गल्लीतले बल्ब एकदम पेटले. आभाळात मोजके चारदोन तारे उरले. तारे पुसले गेल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शेजारच्या घरात दिव्याखाली एक मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. सतराच्या पाढ्यावर ती अडखळली, परत पहिल्यापासून सुरू झाली. तिचा तो पाढा पुरा होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.