हिसानोच्या काळजातलं मडकं

शिमोत्सुईच्या किनाऱ्यावर हिसानो ओकुयामा गेली पंचेचाळीस वर्षं ऑक्टोपस धरत होती. नवरा गेंजी नाव हाकायचा आणि ती दोराला बांधलेली मातीची मडकी एकामागून एक वर ओढायची. अरुंद तोंडाच्या, गोल पोटाच्या मडक्यात ऑक्टोपस घर समजून शिरतो आणि तसाच वर येतो. एकाहत्तराव्या वर्षीही तिचे दंड बघून तरणे कोळी तिच्याशी पंजा लढवायला बिचकत.

त्या मे महिन्यात गुडघा दुखत होता म्हणून ती घरी राहिली. गेंजी एकटाच गेला, आणि दहाच्या सुमाराला त्याची रिकामी नाव तरंगताना सापडली. हिसानो दीड तास धक्क्यावर उभी होती. मग एका शेजाऱ्याच्या होडीतून गेंजी उतरला. निथळत, पण धडधाकट. पाय घसरून तो पाण्यात पडला होता आणि कालवं वाढवायच्या तरंगत्या तराफ्यावर चढून बसला होता.

"अहो, गेलात की काय वाटलं मला!" हिसानोनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि छाती धरून मटकन खाली बसली.

इस्पितळात ईसीजी बिघडलेला निघाला. सगळ्यांना हार्ट अटॅकच वाटला.

"आजी, मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघाव्या लागतील कदाचित," डॉक्टर मियाके म्हणाल्या.

"नळी ह्यांना घाला. पाणी ह्यांनी गिळलंय."

तोवर कळ थांबली होती, रक्तदाबही ठीक होता. ईसीजीच्या मानानं रक्ततपासणीत हृदयाला इजा फारच थोडी दिसत होती. मियाकेंनी आधी हृदयाची सोनोग्राफी केली. पडद्यावर हृदयाचा वरचा भाग जोरात आवळत होता, खालचं टोक मात्र फुगून गप्प बसलं होतं.

हिसानोनं मान वळवली. "अगंबाई, हे तर आमचं मडकं!"

मियाके हसल्या. "आजाराचं नावच त्यावरून पडलंय. ताकोत्सुबो. जबर धक्का बसला की होतं असं. पण नुसत्या आकारावर विसंबून चालत नाही. वाहिन्या मोकळ्या आहेत ना, ते बघू."

हाताच्या शिरेत औषध टोचून सीटी स्कॅन काढला. वाहिन्या स्वच्छ होत्या. नळी टळली.

"पडलो मी आणि हृदय हिचं फुटलं," गेंजी खाली मान घालून म्हणाला.

"फुटलं नाही, फुगलंय. होईल बरं. सुरुवातीचे काही दिवस मात्र आजींना इथे आमच्या डोळ्यांसमोर राहू द्या," मियाके म्हणाल्या.

पाच आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. हृदय टोकापर्यंत छान आवळत होतं.

"आता धक्के टाळा," मियाके म्हणाल्या.

"धक्का रोज माझ्यासमोर जेवायला बसतो, त्याचं काय करू?"

परतताना हिसानोनं दुकानातून नारिंगी जीवरक्षक जाकीट घेतलं आणि बस थांब्यावरच नवऱ्याच्या अंगात चढवलं.

"लोक हसतील गं!"

"हसू देत. बंद लावा."

गेंजीनं बंद लावले, आणि घर येईपर्यंत तो बसमध्ये तसाच बसून राहिला.